हिरव्या जाळीमागे

आज मॅचला गेलं, तर सुनेत्राच्या पदरात काय पडणार होतं? लेकीचं दोन तास दर्शन... बस्स! आणि न गेलं तर? तर कदाचित लेकीचा विजय! हिशेब असा साधा होता आणि सुनेत्रानं इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. नवस बोललेली माणसंसुद्धा अधूनमधून देवाला चुकवतात, पण ही बाई नाही!

"आई, येणार का नाही? सरळ सांग." वॉटफर्डच्या त्या चिमुकल्या किचनमध्ये कस्तुरीनं पोह्यांच्या बशीशेजारी पास ठेवला. "डॉक्टर म्हणतो, खांदा संपला. आज हरले तर ही माझी लास्ट मॅच."

"अगं, मला टेनिस कुठं कळतं? डोकं दुखतं माझं. आणि तुझे पप्पा आहेतच की घरच्यांच्या बॉक्समध्ये."

"हो. पप्पा नेहमी असतात." कस्तुरीनं रॅकेटची बॅग खांद्यावर घेतली, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. "पास ठेवते. फेकून दे पाहिजे तर."

दार लागलं... आणि टेनिस न कळणाऱ्या सुनेत्रानं फोनवर लाइव्ह स्कोअर उघडला! लेक पालेर्मोत खेळो की प्रागमध्ये, हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्यांची पाकिटं लावता लावता त्या बदलत्या आकड्यांबरोबर तिचं अंतःकरण वरखाली होई, आणि शेजारची विचारी, "ऑल राइट, सुनेत्रा?" तर ही म्हणे, "ॲसिडिटी!"

लहानपणी कस्तुरीला इंग्लंडनं निवडलं नाही, इटलीनं निवडलं. सुनेत्राचा इटालियन नवरा सांद्रो चौदा वर्षांच्या पोरीला घेऊन रोमजवळच्या अकॅडमीत गेला, सुनेत्रा नोकरी धरून मागे राहिली आणि त्या अंतरात संसार भांडणाशिवायच विरून गेला. महाराष्ट्र मंडळातल्या बायका टोमणे मारत, "आई नागपूरची, जन्म वॉटफर्डचा, झेंडा इटलीचा! पोरगी आहे का मिसळ?" सुनेत्रा हसून म्हणे, "ज्यांनी पान वाढलं, त्यांचं नाव घ्यावं."

पण सल होता तो त्याहीआधीचा. एका ज्युनिअर मॅचमध्ये छोटी कस्तुरी प्रत्येक पॉइंटनंतर आईकडे पाहत होती. सांद्रो कानाशी कुजबुजला, "ती तुझ्या भुवया बघून खेळते आहे. प्लीज, तू जा." सुनेत्रा कार पार्कमध्ये जाऊन बसली. थोड्या वेळानं पोर हमसून हमसून रडत आली... हरून! आईचीच दृष्ट आधी लागते, असं माहेरी म्हणत; त्या दिवशी सुनेत्राला ते पटलं. तो पराजय तिनं स्वतःच्या माथी घेतला आणि डोकेदुखीचं खोटं तेव्हापासून जिवापाड सांभाळलं.

बाहेर हॉर्न वाजला. स्टॅनमोरची मैत्रीण मधुमती!

"चल, बस गाडीत."

"नको गं... माझी नजर..."

"तुझ्या नजरेत एवढी ताकद असती ना, तर तुला आधी आमच्या मॅनेजरसमोर नेऊन बसवलं असतं! ऊठ!"

सुनेत्रा हसली आणि त्या हसण्यातच फसली. पास पर्समध्ये गेला, पण क्लबवर पोचल्यावर ती बॉक्सकडे फिरकली नाही. कोर्टाच्या मागे वारा अडवायला हिरवी जाळी ताणलेली होती; तिच्या फटीला डोळा लावून ती उभी राहिली. समोर गवतावर तिची लेक... केवढी मोठी दिसत होती! सर्व्ह करताना खांदा धरत होती, ओठ चावत होती. पहिला सेट गेला. 'बघ, आलीस आणि गेला!' सुनेत्राचं मन आक्रंदलं आणि ती निघायला वळली.

तोच कस्तुरी टॉवेल घ्यायला कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात आली. जाळी जमिनीपर्यंत पोचत नव्हती. खाली आईचे फार्मसीतले काळे रबरी बूट दिसत होते.

"आई?"

"जाते गं, जाते! तू खेळ... माझ्यामुळे हरशील, तेव्हासारखी!"

"तेव्हा?" कस्तुरीनं घामेजला चेहरा जाळीला टेकवला. "आई, तेव्हा मी जिंकत होते! तू उठून गेलीस, मग हरले! पप्पा ओरडायचे, कोच ओरडायचा... तुझा चेहरा एकटाच शांत होता. म्हणून बघायचे ना मी!"

"अगं... मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस टेनिसनं डोकं दुखतं! मला वाटलं, माझ्यामुळे दुखतं."

"टाइम," पंचांचा आवाज आला.

"आता गेलीस तर मॅच सोडते," कस्तुरी म्हणाली आणि डोळे पुसून बेसलाइनकडे धावली.

सुनेत्रा बॉक्समध्ये आली. सांद्रोनं तिच्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीवरची आपली बॅग उचलली आणि खाली ठेवली. ती बसली. प्रत्येक पॉइंटनंतर कस्तुरी तिच्याकडे बघे आणि सुनेत्रा, आतून पार वितळलेली, भुवई हलू देत नव्हती! दुसरा सेट लेकीनं असा खेळला, की मधुमतीनं शेजारच्या अनोळखी इंग्रज बाईला मिठी मारली. तिसऱ्यात खांद्यानं दगा दिला.

हस्तांदोलन झालं आणि कस्तुरी थेट बॉक्सच्या कठड्याशी आली, आईच्या गळ्यात पडली.

"हरले, आई."

"पाहिलं मी," सुनेत्रा म्हणाली. "सगळं पाहिलं, बाळा!" आणि दोघींचा इतक्या वर्षांचा अश्रूंचा बांध फुटला...

शेवटची मॅच कस्तुरी हरली, तो तोटा तिचा एकटीचा. पण त्या रिकाम्या खुर्चीची किंमत मायलेकींनी इतकी वर्षं निम्मी निम्मी भरली होती. आणि ज्याच्या एका सल्ल्यानं ती रिकामी झाली, त्या सांद्रोला मात्र बॅग ठेवायला जागा झाली होती.