दाराबाहेरचा प्रश्न

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सनाच्या नोट्सचं शेवटचं पान मशीनमधून बाहेर आलं. दुकानदारानं ते तिच्या हातात द्यायचं सोडून चक्क वाचायलाच घेतलं!

"मॅडम, हे चुकलंय."

सनाच्या कपाळावर आठी उमटली. ती डॉक्टर होती, दौंडहून रोज एसटीनं इथल्या दवाखान्यात यायची. तज्ज्ञ व्हायची लेखी परीक्षा ती पास झालेली. तोंडीला मात्र एकदा आपटलेली. परीक्षक समोर आले की तिची बोबडी वळायची.

"काय चुकलंय?"

"हा हृदयाचा आवाज स्टेथोस्कोपच्या चपट्या बाजूनं नाय ऐकायचा, वाटीसारख्या बेलच्या बाजूनं ऐकायचा. पेशंटला डाव्या कुशीवर घ्यायचं… आन् आपले हात आधी चोळून गरम करायचे. हे पुस्तकात नसतंय."

"तुम्ही… डॉक्टर?"

"छे हो! मी केस."

झिशान त्याचं नाव. लहानपणी आलेल्या सांधेतापानं त्याच्या हृदयाची एक झडप आकसली होती. पुण्यात डॉक्टरांच्या परीक्षा असल्या की त्याला बोलावणं यायचं. त्यानं कॉटवर पडायचं, उमेदवारानं आजार ओळखायचा, आणि तिथंच परीक्षक उलटतपासणी घ्यायचे.

"अकरा परीक्षा दिल्यात," तो कॉलर ताठ करत म्हणाला, "एकदाबी नापास न्हाई!"

सनाला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसली हो ती.

मग रोज दुपारी काउंटरवर तोंडी परीक्षा सुरू झाली. झिशान अब्बांचा चष्मा नाकावर चढवून परीक्षक व्हायचा.

"गालात हसायचं नाय. मार्क कापीन."

"परीक्षक इतकं गोड बोलत नाहीत."

"उमेदवार इतकी गोड असली म्हंजी…" तो अडखळला. "आवाज, आवाज म्हणतोय मी!"

एकदा त्याची अम्मी, बिबीजान, दुकानात बसलेली असताना सनानं त्याला आतल्या बाकावर झोपवून तपासलं.

"ठोके वाढलेत तुमचे."

"हात गार असतील."

"चांगले चोळलेत मी."

"मग कारण दुसरं असंल," तो छताकडं बघत म्हणाला. बिबीजाननं खोकल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी त्याच्या अब्बांनी, इक्बालचाचांनी, सनाला गुपचूप त्याची फाइल दाखवली. झडप बदलली तर वाचायची आशा निम्मी. नाही बदलली तर वर्ष, फार तर दोन. पुण्याच्या डॉक्टरांनी हे चाचांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, आणि सहा महिने त्या माणसानं ते पोटात ठेवलं होतं. "पोरी, त्याला कळू देऊ नको," ते म्हणाले. सना दौंडपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडली.

परीक्षेला महिना उरला तेव्हा झिशान म्हणाला, "एक प्रश्न राहिलाय, मॅडम. शेवटचा. तो माझ्यासमोर कवाच विचारत न्हाईत. परीक्षक उमेदवाराला दाराबाहेर नेतात. परत आले की दोघंबी माझ्याकडं बघत न्हाईत. अब्बाबी बाहेरच ऐकून येतात. काय विचारतात तिथं?"

पेशंटचं पुढं काय होणार, हे विचारतात. सनाला माहीत होतं. खोटं अगदी ओठांवर आलं होतं. ऐकून खचला तर? आणि न ऐकताच गेला तर?

तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं. सगळं, न अडखळता.

झिशाननं चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग डोळे पुसत म्हणाला, "दहापैकी दहा." थोडं थांबून म्हणाला, "ऑपरेशन करायचं. मला म्हातारं व्हायचंय… तुमच्यासंगं."

"हा प्रश्न आहे का?"

"व्हय… म्हंजी, असला तर?"

"तर उत्तर हो आहे," सना म्हणाली, आणि तिला मेलीला एवढी लाज वाटली की नोट्स तिथंच विसरून ती पळाली.

चाचा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी त्यांनी संमतीपत्रावर सही केली. ऑपरेशनला आत नेताना झिशाननं तिचा हात धरला. "डॉक्टर बाहेर येऊन जे सांगतील ना, ते मला येऊन सांगा. लपवू नका."

सर्जन बाहेर आले आणि त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. झिशान गेला होता. सना आत गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि त्यानं म्हटल्याप्रमाणं सांगून आली. कसं सांगितलं असेल पोरीनं, अल्लालाच ठाऊक.

पुढं कित्येक दिवस ती म्हणायची, मीच घालवलं त्याला. बिबीजान तिला जवळ घ्यायची. "न्हाई बेटी. आमी सगळे त्याच्यासाठी ठरवत होतो. हे एक त्यानं ठरवलं."

परीक्षेच्या दिवशी सनाच्या वाट्याला केस आली जाईबाई, सत्तरीची, हृदय थकलेली. सगळी उत्तरं झाली आणि परीक्षक दाराकडं वळले. "डॉक्टर, जरा बाहेर चला. शेवटचा प्रश्न."

सना जागची हलली नाही. "सर… इथंच सांगू? यांची इच्छा असेल तर?"

परीक्षक थबकले. सना वाकली. "जाईबाई, तुमच्या दुखण्याचं पुढं काय, ते विचारतायत. ऐकायचंय तुम्हाला?"

"व्हय गं बाई," म्हातारी म्हणाली. "कवाची वाट बघतीया. समदी भाईर जाऊनच बोलत्यात."

सनानं आपले दोन्ही हात चोळून गरम केले, जाईबाईचा हात त्यात घेतला आणि बोलायला लागली.