दोन अक्षरांचं बटण

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं माझी नवरी गिळली!"

घोडबंदर रोडवरच्या त्या ऑफिसात पायलनं मान वर केली. दारात एक दाढीवाला उभा, हातात नवाकोरा लॅपटॉप. कल्याणचा नयन, लग्नाचे फोटो काढणारा.

"कुणाची नवरी?"

"दुसऱ्याची हो! माझं कुठे एवढं नशीब... अख्खा अल्बम केला, पण सेव्हचं बटणच सापडेना. गेला सगळा!"

पायलचा पारा चढला. अल्बमचं हे सॉफ्टवेअर डोंबिवलीच्या या पोरीनं घडवलेलं, बटणं सगळी मराठीत. बटण नाही म्हणजे काय? तिनं लॅपटॉप ओढला... आणि जीभ चावली. पडद्याच्या वरच्या कडेला, मधोमध, कॅमेऱ्याची काळी खाच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणून तिनं मधोमध बसवलेलं 'संग्रहित करा' नेमकं तिच्याखाली गडप!

"लॅपटॉपला तीट लावलीय," तो हसला. "दृष्ट लागू नये म्हणून."

"माझ्या कामाला लागली ना पण!"

तिच्या साहेबांनी, सुधीरसरांनी, तिथल्या तिथे निकाल लावला. "मराठी शब्द लांबलचक. खाचेच्या दोन बाजूंना मावणार नाहीत. इंग्रजी कर."

"उद्यापर्यंत थांबा, सर. बसवून दाखवते. नाहीच बसले, तर मराठी मी माझ्या हातानं काढेन."

बोलून ती लगेच कामाला बसली.

"माझ्याच लॅपटॉपवर तपासा," म्हणत नयनही ठाण मांडून बसला. फोटो निवडायची बटणं खाचेच्या डावीकडे गेली, मांडायची उजवीकडे. सगळी बसली, फक्त सेव्हचं काही बसेना. 'जतन' लिहिलं, तर 'न' खाचेत गेला.

"जत?" नयन म्हणाला. "म्हणजे सांगलीची एसटी पकडायची का?"

रागातही तिला हसू फुटलं. मेला गोड बोलत होता!

संध्याकाळी दोघं खाली उतरले. "संपलं," ती पुटपुटली, आणि त्याच तंद्रीत रस्त्यावर पाऊल टाकलं. बस अगदी जवळून गेली. त्यानं हात धरून मागे खेचलं.

"अगं, जप!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"सॉरी... 'अगं' निघालं तोंडातून—"

"ते नाही रे! त्याच्या पुढचं!"

"...जप?"

"दोन अक्षरं!" भर रस्त्यात ती ओरडली. हात अजून त्याच्याच हातात होता, आणि तिनं तो सोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी सुधीरसरांनी नाक मुरडलं. "जप? लोकांना देवाधर्माचं सॉफ्टवेअर वाटेल."

"सर, घरून निघताना आई काय म्हणते तुम्हाला?"

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "जप म्हणते." चष्मा पुसत त्यांनी मान हलवली. "राहू दे मराठी."

पायलची छाती अभिमानानं भरून आली. माझी भाषा, माझं बटण! मावत नाही म्हणे!

नयननं नवा अल्बम उघडला. पहिल्याच पानावर ती होती, कालची, खाचेकडे डोळे वटारून बघणारी.

"न विचारता काढलास?"

"आता विचारतोय ना... काय करू याचं?"

तिनं हात पुढे केला आणि 'जप' दाबलं.

"आणि... माझं?" तो पडद्याकडेच बघत म्हणाला.

पायलनं हनुवटी वर केली.

"तुलाही जपीन. पण मराठीत विचार. नीट, पूर्ण वाक्यात!"

त्यानं विचारलं. वाक्य चांगलं लांबलचक होतं, आणि तिनं ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.