शुक्रवारची तसबीर

सोमवारी सकाळी न्यायालयातलं माजी सरन्यायाधीशांचं दालन उघडलं आणि भिंतीवर एक माणूस जास्त निघाला.

दालन लांबलचक, खिडक्या उंच, उजेड बेताचा. दोन्ही भिंतींवर तसबिरी, सगळ्या एका उंचीवर. आत येणाऱ्यानं काहीतरी लपवलंय हे आधीच ठाऊक असल्यासारखे सगळे चेहरे बघत असायचे. खुर्ची सोडल्याशिवाय इथे कोणाचीही तसबीर लागत नसे. तरीही शेवटच्या मोकळ्या जागेवर आज सध्याचे सरन्यायाधीश टांगलेले होते. खाली पितळी पट्टी होती आणि तिच्यावर दोन तारखा. पहिली पदावर आल्याची. दुसरी पद सोडल्याची.

दुसरी तारीख येत्या शुक्रवारची होती. साहेबांच्या निवृत्तीला मात्र अजून वर्षापेक्षा जास्त अवकाश होता.

तासाभरात गुन्हे शाखेची इन्स्पेक्टर दालनात उभी राहिली. खात्यात तिला पाठीमागे सगळे ‘घार’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"शुक्रवारी काय आहे?" तिनं विचारलं.

साहेबांचे सचिव तिच्या शेजारी उभे होते. माणसाच्या पाचावर धारण बसलेली दिसत होती. "धरणफुटीच्या खटल्याचा निकाल. तीन न्यायमूर्तींचं पीठ आहे, साहेब अध्यक्ष. निकाल तेच वाचणार."

धरणफुटी देशात कोणालाही समजावून सांगावी लागत नव्हती. दरवाजे निखळले, खालची वस्ती झोपेतच वाहून गेली. सात वर्षं ती माणसं निकालाची वाट बघत होती.

घारीनं तसबीर जवळून पाहिली. तैलचित्र होतं. साहेब जगाला जाड काळ्या चौकटीच्या चष्म्यातच माहीत होते. चित्रात तो चष्मा त्यांनी हातात धरला होता. डाव्या डोळ्याच्या कडेला एक बारीक व्रण होता. हाताची बोटं नुसत्या काठ्यांसारखी, पण डोळे जिवंत होते.

"या दोन चौकटींना आतून काळी पट्टी आहे, ती कसली?"

"पदावर असताना ज्यांचं निधन झालं, त्यांच्या चौकटीला ती लावतात. जुनी रीत आहे."

"या नव्या चौकटीला नाही."

"गुन्हेगाराला एवढं बारीकसारीक कुठून ठाऊक असणार, मॅडम?"

"बाकी सगळं ठाऊक आहे की. उंची बरोबर, पितळी पट्टी बरोबर, अक्षरांचं वळणसुद्धा बरोबर. दालनाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

किल्ल्या दोन होत्या. एक म्हाताऱ्या चोपदाराकडे. रोज सकाळी हातात चांदीचा दंड घेऊन साहेबांच्या पुढे चालणारा, माणसांना बाजूला करणारा तो हा चोपदार. दुसरी किल्ली साहेबांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात, आणि ती जागच्या जागी होती. दालनाच्या कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि शनिवारी संध्याकाळी ती जागा मोकळीच होती.

सरन्यायाधीश आपल्या कामाच्या खोलीत ताठ बसले होते. चेहऱ्यावर झोप नव्हती. वर्षापूर्वी बायको गेल्यापासून ते असेच दिसतात, असं सचिवांनी दाराबाहेर हळूच सांगितलं होतं.

"कोणावर संशय, साहेब?"

"नाही."

"धमक्या? फोन?"

"या खुर्चीवर बसणाऱ्याला ते चुकत नाही. लक्ष द्यायचं नसतं."

"शुक्रवारी तुम्ही न्यायासनावर बसू नये, असं माझं मत आहे."

"न्यायालय घाबरून चालत नाही, इन्स्पेक्टर."

घारीला हे उत्तर अपेक्षितच होतं. ती उठली. दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून आवाज आला.

"तुमचं ते मत लेखी देता येईल?"

ती वळली. साहेब चष्मा काढून रुमालानं पुसत होते. डोळ्याच्या कडेला, एरवी चष्म्याच्या चौकटीआड जाणारा, तोच बारीक व्रण होता. "म्हणजे दप्तरी राहील," ते म्हणाले.

"वरिष्ठांना विचारते," ती म्हणाली.

ज्येष्ठतेत दुसरे असलेले न्यायमूर्ती मात्र गप्पिष्ट निघाले.

"माझ्याकडेच येणार तुम्ही, मला माहीत होतं!" ते हसत म्हणाले. "महिनाअखेर मी निवृत्त होतोय. साहेब शुक्रवारी गेले, तर उरलेले दिवस सरन्यायाधीश कोण? मी. आठवडाभराचा का होईना, भिंतीवर माझा चेहरा. याहून मोठं कारण शोधून सापडणार नाही."

"मग सांगा ना, तुम्ही लावलीत?"

"छे हो! माझं पोट भरलंय." मग त्यांचं हसू मावळलं. "एक मात्र आहे. साहेब पीठावरून उठले, म्हणजे या खटल्यातून बाजूला झाले, तर खटला नव्या पीठापुढे जाईल. पुन्हा पहिल्यापासून. तोवर त्या वस्तीतली किती माणसं उरतील, देव जाणे."

"चोपदार कसा माणूस आहे?"

"सोन्यासारखा. साहेबांकडे जायच्या आधी दहा वर्षं माझ्याकडे होता. आम्हाला दोघांनाही त्यानं जीव लावला."

दुपारपर्यंत बातमी फुटली. रात्र व्हायच्या आत वरून फोन आला, आणि चोपदाराला कोठडीत टाकण्यात आलं. किल्ली त्याची, रविवारी आवारातल्या खोलीत मुक्काम त्याचा, अजून काय पाहिजे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं घारीच्या मनात आलं. पण संन्यासीही काही मदत करीना.

"रविवारी दालनात कोण गेलं?"

"मी नाही गेलो, बाई."

"ते नाही विचारलं. कोणाला पाहिलंत?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "मला नका विचारू."

"म्हणजे पाहिलंत. अहो बाबा, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. चाळीस वर्षं साहेबलोकांच्या पुढे चाललात, आता हातात बेड्या घालून चालायचंय का?"

"खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, बाई," तो म्हणाला. त्यानंतर तो बोललाच नाही.

मंगळवार आणि बुधवार पोलीस शहरातल्या चित्रकारांची दारं ठोठावत फिरले. हे चित्र आपलं, असं एकही जण म्हणेना. न्यायालयाभोवती बंदुका वाढल्या. जो तो हळू आवाजात बोलू लागला. ‘मारणार म्हणे शुक्रवारी’, हे वाक्य कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू येऊ लागलं. साहेबांच्या चहाचा घोट आधी शिपाई घेऊ लागला. घारीला रात्री डोळे मिटले तरी ते लांबट दालन दिसायचं, आणि त्यातली एक मोकळी जागा भरलेली.

बुधवारी संध्याकाळी तिनं चित्र चित्रकलेच्या एका मास्तरांपुढे ठेवलं.

"रंग पार वाळलाय," मास्तर म्हणाले. "वर्ष-दीड वर्षाचं जुनं काम आहे. आणि धंदेवाईक माणसाचं नाही. ही बोटं बघा, माझ्या पहिल्या वर्गातली मुलं बरी काढतात. पण चेहरा... या माणसाकडे कोणीतरी फार दिवस बघत बसलंय, मॅडम."

घारीला त्या रात्री झोप आली नाही. धमकी म्हणून काढलेलं चित्र इतक्या मायेनं कोण काढतं?

गुरुवारी दुपारी ती सरन्यायाधीशांच्या बंगल्यावर गेली. दार उघडलं ते मुलानं. पस्तिशीचा, इंजिनिअर, महिनाभर रजेवर घरीच होता. दाढी वाढलेली. तिचा गणवेश पाहून त्याचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

दिवाणखान्यात जाताना तिची पावलं थांबली. बोळाच्या भिंतीवर एका लहान मुलाचं चित्र होतं. हातात चेंडू, आणि चेंडू धरणारी बोटं काठ्यांसारखी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन दिवस सगळं शहर पालथं घातलं होतं.

"बसा," साहेब म्हणाले. "ते लेखी मत आणलंत?"

"नाही. तसबीर कोणी लावली ते सांगायला आलेय." ती बसली नाही. "साहेब, चार दिवसांत मला प्रत्येकानं एक गोष्ट विचारली. हे चित्र काढलं कोणी? तुम्ही एकट्यानं नाही विचारलं. तुम्हाला ते माहीत होतं. बाईसाहेबांनी काढलं. तुम्ही सरन्यायाधीश झालात तेव्हा, पुढे कधीतरी त्या भिंतीवर लागावं म्हणून. घरात दिसायचात तसे काढलं, चष्म्याशिवाय."

साहेबांनी बोळाच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे चित्र या घरातून गेलं. किल्ली तुमच्या खणातली, आणि खणाची किल्ली तुमच्या खिशातली. आता चौकट. सगळे म्हणाले, जिवे मारण्याची धमकी. मग काळी पट्टी का नव्हती? रीतिरिवाज तोंडपाठ असलेल्या माणसानं तेवढंच का सोडलं? कारण त्याला मरायचं नव्हतं, नुसतं उठून जायचं होतं. आणि बायकोच्या हातच्या चित्राला काळी पट्टी लावायला त्याचा हात धजला नाही."

"तर्क," साहेब म्हणाले. आवाज न्यायासनावरचा होता. "एवढ्यावर कोणतंही न्यायालय मला दोषी धरणार नाही."

"ठाऊक आहे. चोपदाराला मात्र धरेल. किल्ली त्याच्याकडे आणि तोंड बंद."

"आठवड्यात सोडतील त्याला. पुरावाच नाही."

"त्यानं तुम्हाला पाहिलंय, साहेब."

साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "त्यानं सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काल घरी गेला असता. मिठाला जागतोय तो. कोणाच्या, एवढंच मला शोधायचं होतं. आधी वाटलं, दुसऱ्या साहेबांच्या. पण या घरातलं चित्र त्यांच्या हाती येणार कुठून? पीठावरून उठायची निकड फक्त तुम्हाला होती. माझं मत लेखी हवं होतं, म्हणजे पोलिसांनी उठवलं असं झालं असतं. का, एवढंच मला सापडलेलं नाही."

बोळात पाय घसटल्याचा आवाज आला. मुलगा दाराशी येऊन उभा होता.

"सांगा, बाबा," तो म्हणाला. "नाहीतर मी सांगतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फुटायच्या आदल्या महिन्यात त्या दरवाजांची तपासणी झाली होती. हा तेव्हा धरणाच्या खात्यात होता. दाखल्यावर सही याच्या वरिष्ठाची. पण तपासायला पाठवलं होतं याला. हा गेलाच नाही. घरात बसून फोनवर ‘ठीक आहे’ म्हणाला. सात वर्षं पोटात ठेवलं आणि गेल्या महिन्यात मला सांगितलं. तोवर निकाल लिहून झाला होता."

"मग पीठावरून उठायचं होतं."

"उठायचं तर कारण सांगावं लागतं."

"आणि खोटं कारण?"

"तेच टांगलं भिंतीवर," साहेब म्हणाले.

घारीला राग आला, आणि तो तिनं लपवला नाही. "कुंपणानंच शेत खाल्लं, साहेब. त्या वस्तीनं अजून सात वर्षं थांबायचं, म्हाताऱ्यानं कोठडीत सडायचं, आणि तुम्ही अब्रूनं घरी. माझ्याकडे पुरावा नाही. मी निघते. उद्या चोपदाराला पुन्हा न्यायालयात उभं करणार आहेत. तुमच्याच."

ती निघाली. तिला कोणी अडवलं नाही.

संध्याकाळी पोलीस ठाण्यासमोर एक गाडी थांबली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुढे दिव्यांची गाडी नव्हती, मागे बंदुका नव्हत्या. सरन्यायाधीश एकटेच आत आले. ठाण्यातली माणसं खडबडून उभी राहिली. कोणीतरी खुर्ची पुसायला लागलं.

"खुर्ची नको," ते म्हणाले. "आधी चोपदाराला सोडा. मग माझा जबाब घ्या. माझा मुलगा बाहेर गाडीत आहे, त्यालाही आत बोलवा. आणि उद्या निकालाआधी मी हे सगळं न्यायासनावरून सांगणार आहे, म्हणून कागद आजच तयार व्हायला हवेत."

घारीनं स्वतः कोठडी उघडली. म्हातारा बाहेर आला. समोर साहेब दिसताच तो सवयीनं ताठ झाला, बाजूला सरला, आणि पुढच्या दोघा शिपायांना हातानं मागे सारून त्यानं साहेबांसाठी वाट मोकळी केली. मग त्याला भान आलं आणि तो घाबरला.

"साहेब, तुम्ही इथे कशाला आलात?" तो कुजबुजला. "आईशप्पथ, मी एक अक्षर बोललो नव्हतो."

साऱ्या देशानं ज्यांचे निकाल कान देऊन ऐकले होते, त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला, त्याला बाकावर बसवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले.