आवतणवाल्याचं घर

चिंचखार गाव विमानतळासाठी उठलं, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. डोंगर सुरुंगानं फोडला, घरं पाडली, शेतं भरावाखाली गेली आणि माणसं पनवेलजवळच्या नव्या वसाहतीत आली. घरं पक्की मिळाली, पण भांडायला बांध राहिले नाहीत, त्यामुळे म्हातारी माणसं सुकत चालली होती. यंदा प्रितम पेंटरनं समाजमंदिराच्या भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला आणि सगळ्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं.

आठवडाभर नुसती तू तू मैं मैं. बुधाजीच्या आठवणीतली घरापुढची ओटी इतकी वाढली होती, की तिच्यावर एसटी वळवून घेता आली असती. गुणाबाईनं आपली मचूळ विहीर दोनदा सरकवून गोड्या पाण्यावर नेली. शेवटी प्रितमनं खडू खाली ठेवला आणि काशिराममामा सांगतील तेच खरं, असं जाहीर करून टाकलं.

ते सगळ्यांना पटलं. काशिराम गावचा आवतणवाला. हळद असो की बारसं, घरोघर जाऊन तोंडी आवतण द्यायचं काम चाळीस वर्षं त्याचंच. तो चटईवर बसला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात गावातून चालत एकेक दार सांगत गेला. कुठलं दार बुटकं, कुठला कुत्रा चावरा, कुठं चहा न मागता मिळायचा, सगळं. प्रितम चौकोन काढत गेला. बहात्तर घरं झाली तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. बुधाजीनं ओटी निमूटपणे लहान करून घेतली.

मग गुणाबाईनं विचारलं, "काशिराम, नि तुजं घर रं?"

एकच हशा पिकला. काशिरामही हसला. आवतणवाला स्वतःच्याच घरी आवतण कशाला देईल? चाळीस वर्षांत त्यानं ते दार कधी मोजलंच नव्हतं. त्यानं बुधाजी आणि गुणाबाईच्या चौकोनांमध्ये बोट ठेवलं आणि इथं काढ म्हणून सांगितलं.

तिथं जागा नव्हती.

बुधाजी म्हणाला, आमची दोघांची भिंत सामायिक. गुणाबाईनं मान डोलावली. जन्मात या दोघांचं कशावर एकमत झालं नव्हतं. प्रितमनं पुसून पुन्हा काढलं, तरी चौकोन चिकटूनच आले. काशिराम म्हणाला, आता थट्टा पुरे. पण हसत कोणीच नव्हतं.

बुधाजी काशिरामजवळ सरकला.

"तू आवतण घेऊन यायचास, ते आठवतंय," तो म्हणाला. "पन यायचास कुठून रं?"

तासाभरात प्रितम ऑइलपेंट लावणार होता. एकदा का रंग वाळला, की काशिरामचं घर कायमचं गेलं. त्याला वेणू आठवली. स्वतःच्या लग्नात वाढलेल्या करपलेल्या भातावरूनसुद्धा जी अजून बोलणी ऐकवते, ती त्याची बायको. ती येऊन एकेकाची खरडपट्टी काढील. तो जवळजवळ धावतच वसाहतीतल्या घरी गेला.

दार अर्धवट उघडं होतं. वेणू बाहेर आली. त्याला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि अदबीनं पुढं केला.

"बसा भाऊ. घरधनी जेवतान."

आतून काशिरामच्याच आवाजात कोणीतरी विचारलं, "कोन आयलाय गो?"

"कोनी नाय. आवतणवाला हाय."

काशिराम पाणी प्यायला. त्याला तिला बरंच काही सांगायचं होतं.

"समद्यांनी यायचं," तो म्हणाला आणि शेजारच्या दाराकडे वळला.