अंगठ्यावरची ओळ

"बाई, उद्या साहेब शिक्षा सांगनार! माज्या धन्यानं तार न्हाई हो तोडली!"

सकाळची प्रार्थना आटोपून मरियमबाई उठतात तोच राहीबाई दारात कोसळली. बेचाळीस सालचा डिसेंबर होता. कोल्हारजवळ कुणी तारायंत्राची तार तोडली होती आणि राहीबाईच्या नवऱ्याविरुद्ध, मच्छिंद्राविरुद्ध साक्ष एकच, म्हाताऱ्या गोजरबाईची.

मरियमबाई मिशनशाळेत इंग्रजी शिकवीत. त्या तशाच गोजरबाईकडे गेल्या.

"मावशी, मच्छिंद्रच होता?"

"थोडाफार त्याच्यावानी वाटला. पर नदीवर लई धुकं हुतं. अंगठा देऊन बसले अन् कारकुनाला दोनदा सांगितलं, नक्की न्हाई म्हून."

"आणि साहेबासमोर?"

"अंगठा तुजाच का, इचारलं. व्हय म्हनलं."

कचेरीतला कारकून कृपादान मरियमबाईंचाच विद्यार्थी. त्याने अदबीने जबानी पुढे केली. इंग्रजीत लिहिलं होतं, 'तो मच्छिंद्रच होता. मला तिळमात्र शंका नाही.'

बाईंनी कागद खिडकीशी धरला. वरच्या ओळी ऐसपैस, खालच्या दाटीवाटीने कोंबलेल्या.

"आधी मजकूर की आधी अंगठा?"

"मजकूर, बाई. नेहमीच."

"मग शेवटची ओळ अंगठ्यावर कशी चढली? शाई ठशाच्या वरून गेलीय. कोऱ्या कागदावर अंगठा घेतलास, म्हातारी घरी गेल्यावर सावकाश लिहिलंस. जागा पुरेना, तशी अक्षरं बारीक झाली. आणि तिचं 'थोडाफार' गाळलंस. त्याला इंग्रजीत 'टु सम एक्स्टेंट' म्हणतात, हे मीच तुझ्याकडून शंभरदा घोटून घेतलं होतं ना रे?"

कृपादानचे डोळे भरले. "सगळेच असं करतात, बाई. धरसोडीची जबानी साहेब तोंडावर फेकतात. माझ्या तीन परत आल्या. चौथीला नोकरी जाते."

"झालं ते साहेबांना लिहून कळव."

"कळवतो," तो म्हणाला. पाकीट त्याने स्वतःच चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी नगरच्या कोर्टात साहेबाने ते फोडून मोठ्याने वाचलं. टु सम एक्स्टेंट चूक झाली असावी. सो फार ॲज आय रिमेंबर. परहॅप्स. बाईंनी शिकवलेलं एकही मोघम पद त्याने सोडलं नव्हतं.

"यातून काहीच ठरत नाही," म्हणून साहेबाने कागद बाजूला सारला. मरियमबाई बोलायला उठल्या. शिपायाने त्यांना खाली बसवलं. मच्छिंद्राला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

राहीबाईने त्यांचा पदर ओढला. "बाई, काय लिवलं हुतं त्यानं? खरं लिवलं का?"

बाईंच्या ओठांवर प्रार्थनासुद्धा येईना.

"लिहिलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "थोडंफार."