चार वाजून सोळा मिनिटं

वारंगा फाट्याच्या चाँद पाशाची अन् माझी जुनी दोस्ती. त्याचं थोरलं पोरगं नोमान आमच्या साखऱ्याला आलं की माझ्याच घरी उतरायचं. आता सांगतो ते त्यानंच मला सांगितलेलं, अन् शेवटचं मी माझ्या डोळ्यानं पाहिलेलं. ज्याला उठून जायचं त्यानं आत्ताच जावं.

तारीख सतरा जानेवारी, दोन हजार चोवीस. बुधवार. आमच्या शिवारात सामायिक विहीर आहे. तिच्यावरची मोटर ठरल्या वेळेला आपोआप चालू करणारा डबा नोमानच्या कंपनीचा. त्यात घड्याळाची चिप असती, नखाएवढी. डबा तिला विचारतो, किती वाजले? ती सांगंल तशी मोटर लागती. त्या डब्यात नवा प्रोग्राम घालायला पोरगं आलं होतं. त्या हप्त्यात शेतीची लाईट रातच्यालाच, म्हणून रातीच जाणं आलं.

जेवताना मी विचारलं, "जुन्या प्रोग्रामाला काय झालं?"

"कधीकधी चिप उत्तरच देत नाही, काका. नाहीतर भलतंच देते."

"मंग?"

त्यानं अर्धी भाकरी तशीच ठेवली अन् ताटात हात धुतला.

मला तिथंच संशय आला. त्याच विहिरीवर वसूबारसेला, नऊ नोव्हेंबरला, आमचा विश्वंभर मिस्त्री करंट लागून मेला होता. मोटर रातच्या दोनला लागायची, म्हणून त्यानं दिवसा स्टार्टरमधी हात घातला. ती लागली दुपारी चार वाजून सोळा मिनिटांनी. कंपनीचा साहेब म्हणला, डबा बराबर आहे, मिस्त्री पिऊन असंल. विश्वंभरानं उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई; फ्यूज हाती आला की नवी तार भरूनच खाली ठेवणारा माणूस. पण गावातही कुजबुज झालीच.

नोमानचा उलटा आमच्यावर संशय. "डबा कोणी उघडतं का? किल्ली कोणाकडं असते?"

"एकच किल्ली. विहिरीचा कारभार गुलाबसिंग पाहतो, त्याच्याकडं."

ती किल्ली मागून घेऊन तो एकटाच निघाला. अकरा वाजून गेले होते.

आता पुढचं त्याच्या तोंडचं.

मोटरघरात तिन्ही फेजचे दिवे लागलेले. त्यानं दार आतून लोटलं, डबा उघडला, लॅपटॉप जोडून डबा त्याच्याच बॅटरीवर घेतला, नवा प्रोग्राम घातला. त्यात एक गोष्ट पक्की केली होती. चिपनं उत्तर दिलं न्हाई तर वेळ मानायचीच न्हाई. 'चूक' म्हणून सांगायचं अन् मोटर बंदच ठेवायची. खात्री करायला त्यानं चिपच काढून खिशात टाकली. मग डब्याला विचारलं, किती वाजले?

'चूक' यायला पाहिजे होती.

पडद्यावर आलं, 'ठीक'. नऊ नोव्हेंबर. चार वाजून पंधरा मिनिटं, दहा सेकंद.

त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला बनवून राहिलं. आत दुसरी चिप लपवली असंल. गुलाबसिंगचंच काम. मेन बंद करायचं त्या रागात राहूनच गेलं. त्यानं स्टार्टरच्या मागं हात घातला अन् चाचपू लागला.

पुन्हा विचारलं. पंधरा मिनिटं, चाळीस सेकंद.

घड्याळ चालू होतं. चिप खिशात होती.

पन्नास...

हात आत अडकला. बाही कशात तरी गुंतली.

पंचावन्न... छप्पन्न...

तिन्ही दिवे गेले.

अंधार. पडद्याचा तेवढा उजेड. अन् शेजारी... अगदी खांद्याशी... कोणीतरी श्वास घेऊन राहिलं होतं.

टक्क.

डब्यानं मोटर लावली होती. बोटं उघड्या तारेवर होती.

काहीच झालं न्हाई.

सव्वाबाराला माझ्या दारात आलं ते पोरगं. बाही फाटलेली. मुठीत किल्ली.

"कुलूप लावलं का?"

"लावलं."

पाणी पिलं. मग म्हणालं, "काका... जुना प्रोग्राम माझाच होता. चिप गप राहिली तरी तो पुढं 'ठीक' म्हणूनच कळवायचा. हाती जो कचरा आकडा आला तोच डब्यानं वेळ म्हणून धरला. त्याला वाटलं रातचे दोन वाजले. मिस्त्री पिऊन नव्हता."

"तवाच काहून सांगितलं न्हाई?"

त्यानं मूठ उघडून किल्ली माझ्यापुढं ठेवली.

दिवस उजाडायच्या आत मी त्याला विश्वंभरच्या बायकोच्या, शकुबाईच्या दारात उभं केलं. त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून. तिनं ऐकलं. म्हणली, "हे कागदावर लिहून दे. गावाला वाचून दाखवीन." त्यानं लिहिलं, खाली सही केली.

तसेच आमी तिघं विहिरीवर गेलो. कुलूप जसंच्या तसं. मीच उघडलं.

तिन्ही फ्यूज मेनमधून काढलेले होते. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला एका ओळीत मांडलेले.

"मी हात नाही लावला," नोमान म्हणाला.

शकुबाई खाली बसली. एक फ्यूज उचलून उजेडाला धरला. मग दुसरा. मग तिसरा.

तिन्हींत नवी तार भरलेली होती.