कच्च्या मातीची साक्ष

बाईंचा विज्ञानाचा तास रंगात आला होता. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास, एकात कच्च्या मातीचा गोळा, दुसऱ्यात विटेचा तुकडा. गोळ्याचा बघता बघता चिखल झाला. वाळवला की पुन्हा मातीच, म्हणजे भौतिक बदल. वीट मात्र ढिम्म. भट्टीच्या आगीने ती आतून बदलली होती, तिची परत माती होणं नाही. हा रासायनिक बदल.

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा निरोप आला, असाल तशा अंगणात या.

अंगणात चौथऱ्याभोवती सगळे गोळा झाले होते. संस्थापकांच्या मातीच्या अर्धपुतळ्याचं दुसऱ्या दिवशी अनावरण होतं. त्या जागी आता करड्या चिखलाचा ढीग होता आणि बागेची नळी त्यावर ठिबकत होती. पुतळा घडवला चित्रकलेच्या सरांनी, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने. भाजला शाळेच्या भट्टीवाल्या मामांनी.

"भाजलाय कुठे?" सर म्हणाले. "मामांनी भट्टीची लाकडं विकून खाल्ली असतील. विज्ञानाच्या बाईंनाच विचारा की."

बाईंनी चिखल बोटांत चोळून पाहिला. खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.

"ही कच्ची माती आहे. भट्टीत गेलेलीच नाही."

झालं! मामांच्या तोंडचं पाणी पळालं. पुतळा लाल निघाला होता, टिचकी मारली तर खणकन वाजला होता, काल संध्याकाळी सरांनी स्वतः उचलून नेला, असं ते परोपरीने सांगत राहिले. ऐकतो कोण! मुख्याध्यापकांनी भट्टीची किल्ली काढून घेतली आणि भट्टीमागची खोली रिकामी करायला सांगितलं. त्या खोलीत मामांची बायको अंथरुणाला खिळून होती.

मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. मामा लाकडं चोरणारा माणूस नव्हे. पण चिखल तर कच्चाच होता! मग त्यांच्या लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. चिखल कच्चा आहे हे त्यांनी तपासलं, पण तो पुतळ्याचाच आहे हे कुणी तपासलं होतं?

घरी आल्या तर गॅलरीत दोन कुंड्या नव्याने भरलेल्या. आदल्या संध्याकाळी नवऱ्यानेच भरल्या होत्या, आणि या गृहस्थाने जन्मात कधी झाडाला पाणी घातलं नव्हतं. बाईंनी एक कुंडी सरळ उपडी केली. पाणी निचरायला तळाशी खापऱ्या घालतात, तशा खापऱ्या होत्या. लाल, भाजलेल्या. एका खापरीवर संस्थापकांच्या मिशीचा झोकदार आकडा होता.

बाई तिथेच फरशीवर बसल्या. खूप वेळ त्यांना रडूसुद्धा आलं नाही.

सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत सरांना आणि मामांना बोलावून घेतलं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि मिशीची खापरी त्यात सोडली. सगळे बघत राहिले. खापरी जशीच्या तशी.

"ही पुतळ्याची मिशी. फोडली तर तुकडे होतील, कुटली तर भुगा होईल, पण हिचा चिखल होणार नाही. मामांनी पुतळा नीट भाजला होता. चौथऱ्यावरचा चिखल दुसऱ्याच मातीचा. सर, पुतळा कुठे फुटला?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"चित्रकलेच्या वर्गात कच्ची माती पोत्याने पडलेली असते. नळी कुणी सोडली?"

"पायरीवरून हातातून सुटला गं," सर पुटपुटले. "अनावरण तोंडावर आलेलं. पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव पुढे गेलेलं. माझ्या हातून फुटला म्हटलं असतं तर..."

"म्हणून मामांच्या माथी मारलंत. आणि साक्षीला मला का बोलावलंत?"

सरांनी मान खाली घातली. "तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्या शाळेला माहीत आहे."

बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांची एकच गोष्ट नीट ओळखली होती, आणि ती अशी वापरली.

मुख्याध्यापकांनी घाईघाईने किल्ली मामांपुढे सरकवली. झालं गेलं विसरा, नवरा-बायकोतली गोष्ट आहे, चार भिंतींत राहू दे, असं त्यांचं सुरू झालं. मामांनी किल्ली उचलली. बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यात त्यांचं काय चुकलं!

"चार भिंतींत नाही," बाई म्हणाल्या. "मामांना चोर ठरवलं ते भर अंगणात, सगळ्या शाळेपुढे. आता सगळं तिथेच सांगायचं. आधी माझी साक्ष कशी चुकली ते मी सांगते, मग सर बोलतील."

त्या दाराकडे निघाल्या. सर लगबगीने मागे आले, बाहीला हात लावून हळूच म्हणाले, "अगं, ऐक तरी..."

बाईंनी बाही सोडवून घेतली.

"'अगं' नका म्हणू. बाई म्हणा."